वसाहतकाळातील वैष्णव नियतकालिके कशी वाचावीत: नव्या वाचकासाठी मार्गदर्शन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापखाना आणि टपाल यांच्या आधाराने वैष्णव भक्तीचा एक नवा व्यवहार उभा राहिला. आखाडा, मठ आणि गोसाव्यांचे घर यांच्याबाहेर, कचेरीत नोकरी करणाऱ्या आणि परगावी बदली होऊन जाणाऱ्या गृहस्थापर्यंत नामाचा महिमा, एकादशीचा निर्णय आणि ग्रंथाचा क्रमशः अनुवाद मासिकाच्या रूपाने पोहोचू लागला. हा व्यवहार समजून घ्यायचा असेल तर त्या काळची नियतकालिके मुळातून वाचण्याला पर्याय नाही. ती हाताशी येईपर्यंत आणि हाताशी आल्यावरही मराठी वाचकाला कोणत्या अडचणी येतात, हे मी त्या वाटेने गेल्यामुळे जाणतो. ही माहिती सुरुवातीलाच एकत्र मिळाली तर बराच वेळ वाचतो, म्हणून हा लेख लिहीत आहे.

मुख्य उदाहरण म्हणून मी बंगालमधील गौडीय वैष्णवांचे, म्हणजे चैतन्य महाप्रभूंच्या अनुयायांचे, ‘सज्जनतोषणी’ हे मासिक घेतले आहे. मुंबईतील गुजराती आणि मराठी पत्रांचा उल्लेख जेथे खरा संबंध आहे तेथेच केला आहे. एक आग्रह मात्र प्रारंभीच नोंदवतो. या मासिकांतील निवडक निबंध आज पुस्तकरूपाने आणि भाषांतरांत सहज मिळतात आणि बहुतेक नवे वाचक तेवढ्यावर थांबतात. तुम्ही तसे करू नका. अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या सूचनेपर्यंत, त्याच्या वर्गणीदाराने वाचला असेल तसा सलग वाचा. निबंधात सिद्धांत सापडतो, पण तो सिद्धांत माणसे कशी आचरत होती ते त्याच्या आजूबाजूच्या पानांत सापडते.

१. आधी माणसे आणि कालक्रम पक्का करा

कोणताही अंक उघडण्यापूर्वी पुढील चौकट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

केदारनाथ दत्त यांचा जन्म १८३८ मध्ये नदिया जिल्ह्यातील उला या गावी झाला. ते इंग्रज सरकारच्या नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. काही वर्षे त्यांची नेमणूक जगन्नाथपुरीला होती. ‘कृष्णसंहिता’ हा त्यांचा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८८१ मध्ये त्यांनी ‘सज्जनतोषणी’ सुरू केले. १८८५ मध्ये कोलकात्यात विश्ववैष्णव राजसभेचे काम त्यांनी उभे केले आणि पुढल्याच वर्षी त्यांना भक्तिविनोद ही उपाधी मिळाली. नोकरीतून ते १८९४ मध्ये निवृत्त झाले. १९१४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र बिमलाप्रसाद, म्हणजे भक्तिसिद्धांत सरस्वती (१८७४ ते १९३७), यांनी मासिकाची धुरा घेतली. भक्तिसिद्धांत यांनी १९१८ मध्ये संन्यास घेतला, १९२२ पासून ‘गौडीय’ हे बंगाली साप्ताहिक चालवले, आणि १९२७ पासून ‘सज्जनतोषणी’ला इंग्रजी रूप देऊन ते ‘हार्मोनिस्ट’ या नावाने काढले. छापखान्याला ते बृहत् मृदंग म्हणत. साध्या मृदंगाचा आवाज गल्लीपुरता जातो, या मृदंगाचा जगभर जातो, असा त्यामागचा भाव होता.

याच काळात शिशिरकुमार घोष (१८४० ते १९११) हे दुसरे महत्त्वाचे नाव आहे. १८६८ मध्ये सुरू झालेल्या अमृतबझार पत्रिकेचे ते संस्थापक होत. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी या पत्राने एका रात्रीत बंगाली सोडून इंग्रजीचा अवलंब केला, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. तेच शिशिरबाबू उत्तरायुष्यात चैतन्यभक्तीत बुडून गेले, त्यांनी ‘अमिय निमाई चरित’ लिहिले आणि ‘विष्णुप्रिया पत्रिका’ काढली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. राजकीय पत्रकार आणि वैष्णव पत्रकार ही दोन वेगळी माणसे होती असे समजून या काळाकडे गेलात तर अर्धे चित्र निसटेल.

२. कोणते नियतकालिक घ्यायचे ते ठरवा

सगळी एकदम वाचायला घेऊ नका. एका नियतकालिकाचे सलग एक वर्ष हा पहिला पल्ला ठेवा.

बंगाली लिपीची तयारी नसेल आणि तरी लगेच सुरुवात करायची असेल, तर ‘कल्याण’चे आरंभीचे अंक घ्यावेत. हनुमानप्रसाद पोद्दार यांच्या संपादनाखाली १९२६ मध्ये या हिंदी मासिकाचा आरंभ मुंबईतूनच झाला आणि नंतर ते गोरखपूरला गेले. लिपी देवनागरी, भाषा परिचित, आणि वाचकांनी घरी केलेल्या नामजपाला मासिकाच्या पानांत स्थान, यांमुळे छापील पान आणि साधना यांचा संबंध येथे लवकर समजतो. गांधीजींच्या सल्ल्यावरून ‘कल्याण’ने जाहिराती आणि पुस्तकपरीक्षणे वर्ज्य केली होती, हे मात्र लक्षात असू द्या, कारण पुढे सुचवलेल्या काही गोष्टी या मासिकात शोधून सापडणार नाहीत.

इंग्रजी सोपे जात असेल तर ‘हार्मोनिस्ट’पासून सुरुवात करता येते. तरीही माझा कल ‘सज्जनतोषणी’कडेच आहे. ‘हार्मोनिस्ट’ परभाषिक आणि परदेशी वाचकाला समोर ठेवून बोलतो, तर ‘सज्जनतोषणी’ आपल्या माणसांशी बोलते. घरच्या माणसाला समजावताना लेखक काय गृहीत धरतो आणि कशावर रागावतो, ते त्यातच कळते.

३. लिपी आणि भाषेची तयारी

बंगाली लिपी मराठी माणसाला अवघड नाही. स्वर, व्यंजने आणि मात्रा यांची व्यवस्था देवनागरीसारखीच आहे. अडते ते जोडाक्षरांपाशी. जुन्या खिळ्यांत ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ण’, ‘ङ्ग’ ही अक्षरे ओळखू येईनाशी होतात, आणि ‘कृष्ण’, ‘वैष्णव’, ‘गौराङ्ग’, ‘ज्ञान’ हेच शब्द पानोपानी येतात. म्हणून वर्णमालेपाठोपाठ या चार जोडाक्षरांचा सराव करावा. ‘ब’ आणि ‘व’ यांना बंगालीत एकच अक्षर आहे, त्यामुळे कोणता वर्ण अभिप्रेत आहे ते संस्कृत शब्दावरून ठरवावे लागते.

भाषा साधू वळणाची, म्हणजे लिखित आणि संस्कृतप्रचुर आहे. नामे जवळजवळ सगळी ओळखीची असतात. क्रियापदे मात्र लांबलचक असतात आणि आजच्या बोली बंगालीहून वेगळी दिसतात. बोली बंगालीच्या शिकवणीची पुस्तके येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. ‘करिया’, ‘करितेछेन’, ‘करियाछेन’, ‘हइबे’ अशा पंचवीस-तीस रूपांचा तक्ता करून जवळ ठेवला की वाचन पुढे सरकू लागते. कोशासाठी हरिचरण बंद्योपाध्याय यांचा ‘बंगीय शब्दकोश’ वापरावा, कारण त्यात जुन्या साहित्यातील प्रयोगांची उदाहरणे दिलेली आहेत.

४. अंक मिळवणे: ठिकाणे आणि कागदपत्रे

प्रथम घरबसल्या शोधा. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या अंकांच्या छायाप्रती चढवलेल्या असतात, पण शीर्षकाचे रोमन लेखन प्रत्येकाने वेगळे केलेले असते. ‘तोषणी’, ‘तोशनी’, जोडून, तोडून, पुढे ‘श्री’ लावून, अशा सर्व रूपांनी शोधावे, आणि बंगाली लिपीत टंकून एकदा पाहावे.

प्रत्यक्ष जाण्याची ठिकाणे मुख्यतः कोलकात्यात आहेत. राष्ट्रीय ग्रंथालय, बंगीय साहित्य परिषद आणि सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेसमधील हितेशरंजन सान्याल स्मृती संग्रह ही तीन ठिकाणे सर्वसाधारण बंगाली नियतकालिकांसाठी पाहावीत. गौडीय साहित्यासाठी भक्तिवेदांत रिसर्च सेंटरचे ग्रंथालय विशेष आहे. ‘गौडीय’ साप्ताहिकाचे संपादन केलेल्या सुंदरानंद विद्याविनोद यांचा ग्रंथसंग्रह तेथे आला आहे, त्यामुळे संप्रदायातल्या माणसाने जपलेल्या प्रती तेथे पाहायला मिळतात.

जाताना सोबत हे असावे:

आधार कार्ड किंवा पारपत्र, मूळ आणि छायाप्रत, दोन-तीन छायाचित्रे, तुमच्या महाविद्यालयाचे, संस्थेचे किंवा एखाद्या मान्यवर अभ्यासकाचे परिचयपत्र, ज्यात तुम्ही काय पाहू इच्छिता ते नेमके लिहिलेले असेल, हव्या असलेल्या अंकांची वर्षवार यादी, बंगाली लिपीत, शिसपेन्सिल आणि सुट्या कागदांऐवजी बांधलेली वही, भिंग, आणि पुढील भागातील रीतीने तयार केलेला सनांचा तक्ता.

शाईचे पेन बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. छायाचित्रांची परवानगी, शुल्क आणि सुट्ट्या आधी पत्र पाठवून विचारून घ्याव्यात. दुर्गापूजेच्या आसपास कोलकात्याचा बेत आखू नये. संस्थेशी संलग्न नसलेल्या वाचकालाही प्रवेश मिळतो, पण ‘वैष्णव धर्माचा अभ्यास’ एवढेच मोघम लिहिलेला अर्ज घेऊन गेलात तर ग्रंथपालाला तुम्हाला मदत करता येत नाही. अर्जात अंक, वर्ष आणि विषय नमूद असावा.

५. सनांचा गोंधळ: सर्वांत मोठा सापळा

या टप्प्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मराठी वाचक येथे हमखास फसतो.

मुखपृष्ठावर इसवी सन असेलच असे नाही. बंगाब्द, शकाब्द आणि गौराब्द यांपैकी एक किंवा अधिक सन असतात. बंगाब्दात ५९३ मिळवले की इसवी सन येतो, आणि इंग्रजी वर्षाच्या आरंभापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या काळासाठी ५९४ मिळवावे लागतात. गौराब्द चैतन्य महाप्रभूंच्या जन्मापासून, म्हणजे १४८६ पासून मोजतात आणि तो फाल्गुन पौर्णिमेला बदलतो. त्यात १४८६ मिळवावेत, आणि जानेवारीपासून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत १४८७.

आता खरी अडचण पाहा. आपल्याकडे वर्ष चैत्रात सुरू होते, तर बंगालचे सौर वर्ष वैशाखात सुरू होऊन चैत्रात संपते. अंकावर ‘चैत्र १२८८’ असे दिसले की मराठी मन त्याला वर्षाचा पहिला अंक समजते आणि मार्च-एप्रिल १८८१ असे लिहून मोकळे होते. प्रत्यक्षात तो वर्षाचा शेवटचा महिना आहे आणि काळ मार्च-एप्रिल १८८२ आहे. शकाब्दाच्या बाबतीत फसगत अधिक होते, कारण शके आपल्या ओळखीचे आहेत. आपल्या पंचांगात चैत्र १८०३ म्हणजे १८८१ चा वसंत, तर बंगालच्या सौर गणनेत तोच चैत्र १८०३ एक वर्ष पुढे, १८८२ मध्ये येतो. एखादा वाद कोणी सुरू केला आणि कोणी उत्तर दिले, हे ठरवताना एका वर्षाच्या फरकाने सगळे उलटेपालटे होते.

गौराब्दाचे महिने मात्र आपल्याला फुकट मिळतात. विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर, केशव, नारायण, माधव, गोविंद अशी त्यांची नावे आहेत. संध्येतील चोवीस नावे ज्याला येतात त्याला ही बारा नावे तोंडपाठच असतात, फक्त आरंभ केशवाऐवजी विष्णूपासून होतो. हे महिने पौर्णिमांत, म्हणजे पौर्णिमेला संपणारे, आहेत. त्यामुळे आपण श्रावण वद्य अष्टमीला करतो ती जन्माष्टमी येथे हृषीकेश मासात, म्हणजे भाद्रपदात दिसेल. उत्सव तोच असतो, महिन्याचे नाव तेवढे बदलते.

खंडक्रमांकावरूनही वर्ष काढू नये. ‘सज्जनतोषणी’च्या प्रकाशनात अनेकदा खंड पडला. १८८१ ते १९२७ ही सेहेचाळीस वर्षे होतात, तरी १९२७ मध्ये निघालेल्या ‘हार्मोनिस्ट’च्या आरंभीच्या अंकांवर पंचविसावा खंड असे छापलेले आहे. प्रत्येक अंकाची तारीख त्या अंकावरूनच ठरवावी.

६. अंक सलग वाचा: काय पाहायचे

पहिल्या वाचनात अर्थ पूर्ण लागला नाही तरी चालेल. अंकात काय काय आहे याची यादी करा: बोधवाक्य, संपादकीय, ग्रंथाचा क्रमशः भाग, पद, पुस्तकाचा परिचय, सभेचा वृत्तांत, उत्सवाची तिथी, पत्राला उत्तर, वर्गणीची सूचना. प्रत्येकापुढे किती पाने दिली ते लिहा. पाच-सहा अंकांची अशी यादी झाली की मासिकाचा स्वभाव तुमच्यासमोर येतो.

दुसऱ्या वाचनात एक लेखमाला घ्या. माझी शिफारस चैतन्यांचे अनुयायी रूप गोस्वामी यांच्या ‘उपदेशामृता’वरील निबंधांची आहे, जे भक्तिविनोदांनी शतकाच्या अखेरच्या दशकात ‘सज्जनतोषणी’त लिहिले. ‘उपदेशामृता’च्या एका श्लोकात भक्तीचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य. पुढच्या श्लोकात भक्ती वाढवणाऱ्या सहा सांगितल्या आहेत: उत्साह, निश्चय, धैर्य, त्या त्या कर्मांचे आचरण, संगत्याग आणि साधुवृत्ती. भक्तिविनोदांनी या बारांचा एकेक निबंध केला. सोळाव्या शतकातील वृंदावनच्या विरक्तांसाठी सांगितलेली शिस्त एकोणिसाव्या शतकातील नोकरदार गृहस्थाच्या दिवसात कशी बसवायची, हा त्या मालेचा खरा विषय आहे.

त्यातील प्रजल्पावरचा निबंध मी प्रत्येक नव्या वाचकाला आधी वाचायला सांगतो. निरर्थक गप्पा, वितंडा, परचर्चा, परदोष शोधणे, खोटे बोलणे, साधुनिंदा आणि ग्राम्य कथा हे सारे प्रजल्पात येते, अशी मांडणी ते करतात. जेवण झाल्यावर धूम्रपान करीत गप्पा छाटत बसणाऱ्यांचे चित्रही तेथे आहे. आणि याच निबंधात वर्तमानपत्रे वाचण्याचा विषय निघतो. शुद्ध भक्तीचा अभ्यास करू पाहणाऱ्याला वर्तमानपत्रवाचन घातक आहे, मात्र त्यात शुद्ध भक्तांविषयी काही आले असेल तर तेवढे वाचावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. एका मासिकाचा संपादक हे आपल्याच वर्गणीदारांना छापून सांगतो आहे. त्याच्या दृष्टीने त्याचे मासिक वर्तमानपत्रांच्या पंक्तीतले नव्हते, तर ते सत्संगाचे काम करणारे होते. जवळ वैष्णव साधू नसलेल्या, बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा घरी येणारा संग, असे त्याचे स्थान होते. ही भूमिका कळल्यावर त्याच अंकातील सभेचा वृत्तांत आणि उत्सवाची तिथी निराळ्या वाटू लागतात, कारण त्यांतून वाचकाला प्रत्यक्ष काय करायचे ते सांगितलेले असते.

नामहट्टाविषयीचे लेखनही याच नजरेने वाचावे. हट्ट म्हणजे बाजार. चैतन्यांचे सहकारी नित्यानंद यांनी नामाचा बाजार मांडला, तो पुन्हा गावोगाव चालवायचा, ही भक्तिविनोदांची योजना होती आणि ती त्यांनी बाजाराच्याच भाषेत, घाऊक व किरकोळ विक्रेते, माल आणि मोल अशा शब्दांत मांडली. येथे मोल एकच, ते म्हणजे श्रद्धा. आपल्याकडे वाण्याच्या घरात जन्मलेल्या तुकोबांचे अभंग वाचलेल्याला या भाषेचे नवल वाटणार नाही.

७. लेखक कोणाशी वाद घालत आहे ते ओळखा

धार्मिक नियतकालिकांतील बरेचसे लेखन उत्तरादाखल लिहिलेले असते आणि प्रश्न मात्र दुसऱ्याच पत्रात असतो. कृष्णलीलेवर मिशनऱ्यांनी घेतलेले नैतिक आक्षेप, ब्राह्मसमाजाची निराकार उपासना, आणि कृष्णाला आदर्श मानव म्हणून मांडणारे बंकिमचंद्रांचे ‘कृष्णचरित्र’, ही तिन्ही त्या काळच्या बंगाली वाचकाच्या मनात होती. ‘कृष्णचरित्र’ १८८४ पासून ‘प्रचार’ मासिकात क्रमशः येऊ लागले आणि १८८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. गोपींची कथा बाजूला सारून बंकिमचंद्रांनी महाभारतातील कृष्ण पुढे आणला. गौडीय वैष्णवांना हे मान्य होणे शक्यच नव्हते, कारण त्यांच्या साधनेचा कळस व्रजलीलेत आहे. म्हणून त्या काळातील ‘सज्जनतोषणी’ वाचताना शेजारी ‘प्रचार’ ठेवावा.

वाद संप्रदायाच्या आतही होता. आउल, बाउल, कर्ताभजा, सहजिया, सखीभेकी अशी नावे या पानांत वारंवार येतात आणि ती प्रायः दूषण म्हणून येतात. ती वाचून या पंथांचे वर्णन मिळाले असे समजू नये. तेथे मिळते ते सुशिक्षित, शहरी गौडीय वैष्णवांनी आपली सीमा कोठे आखली याचे वर्णन. त्या पंथांची स्वतःची गाणी आणि आचार वेगळे वाचावे लागतात. चैतन्यांचे जन्मस्थान गंगेच्या पूर्वतीरावरील मायापूर की नवद्वीप शहराच्या बाजूला, हा वादही असाच आहे. मायापूरच्या बाजूने काम करण्यासाठी १८९४ मध्ये नवद्वीपधाम प्रचारिणी सभा स्थापन झाली. मासिकात एकाच पक्षाची बाजू सापडेल.

८. विरोधकांचे पत्र वाचण्याची रीत: मुंबईचे उदाहरण

हा टप्पा मुंबईकर वाचकांना जवळचा आहे. करसनदास मुळजी यांच्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राने २१ ऑक्टोबर १८६० रोजी वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या आचरणावर कठोर लेख प्रसिद्ध केला. जदुनाथजी महाराजांनी १८६१ मध्ये पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईची फिर्याद केली. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात ती चालली, डॉ. भाऊ दाजी लाड यांची साक्ष झाली, आणि २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला.

करसनदासांचे धैर्य मोठे होते आणि गैरवर्तनाची वाच्यता होणे आवश्यक होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु या खटल्याचे कागद पुष्टिमार्गाची, म्हणजे वल्लभ संप्रदायाची, साधना समजून घेण्याचे साधन म्हणून वापरता येत नाहीत. हा पंथ प्राचीन हिंदू धर्माला धरून आहे की नाही, असा प्रश्न लेखात मांडला गेला आणि तोच न्यायालयात चर्चिला गेला. इंग्रज न्यायाधीशांपुढे प्राचीन तेच शुद्ध असे गृहीत धरून युक्तिवाद झाले. हवेलीतील, म्हणजे या संप्रदायाच्या मंदिरातील, अष्टयाम सेवा, ठाकुरजींचा शृंगार, ऋतूप्रमाणे बदलणारा भोग, अष्टछाप कवींची पदे, यांतील भक्तीचा अनुभव त्या कागदांत जवळजवळ नाही. तो हवा असेल तर संप्रदायाचे वार्ता वाङ्मय आणि कीर्तनसंग्रह वाचावेत, आणि मग ‘सत्यप्रकाश’कडे यावे.

मराठीतही अशी तुलना करता येते. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होते आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाची ‘सुबोध पत्रिका’ १८७३ मध्ये सुरू झाली. सरकारी मदतीने तुकारामांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून छापून निघाल्यावर तेच अभंग वारीच्या वाटेवरही म्हटले जात होते आणि प्रार्थना समाजाच्या, जेथे मूर्ती नव्हती त्या, उपासनेतही. एकच अभंग घेऊन तो ‘सुबोध पत्रिके’त कोणत्या संदर्भात आला आणि फडावरच्या कीर्तनात कोणत्या संदर्भात येतो, हे मांडले तर अभ्यासाला उत्तम विषय मिळेल.

९. सरकारी नोंदींशी पडताळा

१८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्यामुळे प्रत्येक प्रांतात छापील पुस्तकांच्या तिमाही याद्या तयार होऊ लागल्या. त्यांत शीर्षक, भाषा, छापखाना, प्रकाशनाची तारीख, पृष्ठसंख्या, छापलेल्या प्रती आणि किंमत हे रकाने असतात. मासिक स्वतःविषयी काय म्हणते ते एका बाजूला आणि यादीतील प्रतींचा आकडा दुसऱ्या बाजूला ठेवून पाहावे. प्रतींच्या आकड्यावरून वाचकसंख्या ठरवू नये, कारण एक अंक अनेकांच्या हातून जाई आणि घरात मोठ्याने वाचला जाई. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे सरकारसाठी केलेले इंग्रजी गोषवारेही मिळतात. त्यांतील निवड राज्यकर्त्यांच्या काळजीनुसार झालेली असल्यामुळे नामसंकीर्तन किंवा एकादशी यांना तेथे स्थान क्वचितच मिळते.

१०. टिपणे आणि पुढचे काम

प्रत्येक टिपणावर मासिकाचे नाव, खंड, अंक, अंकावर छापलेला मूळ सन जसाच्या तसा, त्यापुढे तुम्ही काढलेले इसवी वर्ष, पृष्ठ, आणि प्रत कोठे पाहिली ते लिहावे. मूळ सन कधीही गाळू नये. रूपांतरात चूक निघाली तर दुरुस्तीचा तोच आधार असतो. उतारा घेताना मूळ बंगाली वाक्य आधी उतरवावे आणि मराठी अनुवाद खाली करावा. वैधी आणि रागानुगा, संबंध, अभिधेय आणि प्रयोजन, दास्य, सख्य, वात्सल्य आणि माधुर्य, अशा पारिभाषिक शब्दांची वेगळी सूची ठेवावी आणि त्यांचे अर्थ ‘चैतन्यचरितामृत’ व ‘भक्तिरसामृतसिंधु’ यांवरून निश्चित करावेत. वारकरी परिभाषेवरून ते अंदाजाने लावू नयेत.

शेवटी, तुमची टिपणे त्या परंपरेत साधना करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. एकादशी कोणती पाळायची, स्मार्त की भागवत, याविषयीची अर्ध्या ओळीची सूचना तुम्हाला किरकोळ वाटलेली असेल, आणि त्याला त्यावरून त्या गावात कोणत्या गोसाव्यांचे वजन होते ते समजेल. अशा गोष्टी ऐकल्यावर पहिल्या वर्षाचे अंक पुन्हा एकदा काढून बसावे आणि त्यानंतरच दुसऱ्या वर्षाला हात घालावा.